गाडीचा पत्रा दाबून सुरक्षितता कळत नाही

गाडी घ्यायला गेलेला माणूस आधी बॉनेटवर अंगठा दाबून पाहतो. पत्रा दबला नाही तर समाधान होते, दबला तर 'डबा आहे' असा निकाल लागतो. मग दार आपटून आवाज ऐकला जातो. नगर-पुणे आणि नगर-मनमाड रस्त्यांवरचे अपघात रोज कानावर येत असल्याने आपल्या नगर जिल्ह्यात आता 'ॲव्हरेज किती देते' याच्याबरोबर 'सेफ्टी कशी आहे' हेही विचारले जाते. ही चांगली गोष्ट आहे. पण विचारणाऱ्याला मिळणारी उत्तरे बहुतेक वेळा ऐकीव असतात. मोबाइलवर फिरणारे फोटोही दोनच प्रकारचे असतात. एकात गाडीचा चुराडा झालेला असतो आणि खाली 'आतले सगळे सुखरूप' असे लिहिलेले असते. दुसऱ्यात पाच ताऱ्यांची गाडी असते आणि खाली 'एअरबॅग उघडल्याच नाहीत' अशी तक्रार असते. दोन्ही फोटो खरे असू शकतात, पण लोक त्यांतून जो निष्कर्ष काढतात तो बहुधा चुकीचा असतो.

'पत्रा जाड, गाडी मजबूत'

बाहेरून दिसणारा पत्रा हा गाडीचा पोशाख आहे. धडकेचा भार त्याच्या आत असलेला सांगाडा घेतो: छताला आधार देणारे खांब, दारांखालचे उंबरे, दारांतल्या आडव्या पट्ट्या, समोरचे दोन लांब दांडे. हे भाग उच्च ताकदीच्या पोलादाचे असतात आणि शोरूममध्ये ते कोणालाही दिसत नाहीत.

या सांगाड्याचेही सगळे भाग सारखे कडक ठेवून चालत नाही. मर्सिडीजचे अभियंते बेला बारेनी यांनी 1950 च्या दशकात मांडलेली कल्पना आज प्रत्येक कारमध्ये आहे. पुढचा आणि मागचा भाग ठरवून चुरगळला पाहिजे, आणि माणसे बसतात तो मधला कप्पा मात्र टिकला पाहिजे. यामागचे गणित सोपे आहे. ताशी 64 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अवघ्या 10 सेंटिमीटरमध्ये थांबली, तर आतल्या शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 160 पट धक्का बसतो. तीच गाडी पुढचा भाग दाबला जात 60 सेंटिमीटरमध्ये थांबली, तर तो धक्का सुमारे 27 पटींवर येतो. पहिल्या धक्क्यातून वाचणे जवळजवळ अशक्य आहे, दुसऱ्यातून पट्टा लावलेला माणूस वाचू शकतो.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात जाड पोलादाचे रणगाडे जवळून बघता येतात. ते पोलाद बाहेरून येणारा गोळा अडवण्यासाठी आहे. कारमधल्या माणसाला मारतो तो त्याचा स्वतःचाच वेग, आणि तो वेग जाड पोलादाने अडत नाही, हळूहळू जिरवावा लागतो. 'जुनी जीप ठोकली तरी तिला काही होत नसे' असे जुने लोक सांगतात तेही खरे आहे. जीपला काही होत नसे, कारण सगळा धक्का चालवणाऱ्याच्या छातीपर्यंत पोहोचत असे.

म्हणून अपघातग्रस्त गाडीचा फोटो पाहताना बॉनेट किती चेपले ते पाहू नका. छताचे खांब सरळ आहेत का, दारे उघडली का, स्टिअरिंग मागे सरकले का, हे पाहा. विम्याच्या भाषेत 'टोटल लॉस' झालेल्या गाडीने आपले काम चोख केलेले असू शकते.

'अमुक कंपनी म्हणजे सेफ'

सुरक्षिततेचे नाव काढले की जगभर व्होल्वोचे नाव निघते. आपल्याकडे व्होल्वो म्हणजे आधी वातानुकूलित बस. 2001 मध्ये या बस भारतात आल्या आणि लांबच्या प्रवासाची रीत बदलून गेली. पण बस बनवणारी व्होल्वो आणि कार बनवणारी व्होल्वो या आता वेगळ्या कंपन्या आहेत. 1999 मध्ये कारचा धंदा अमेरिकेच्या फोर्डला विकला गेला आणि 2010 पासून तो चीनच्या जीलीकडे आहे. तेव्हा बसच्या अनुभवावरून कारचा, किंवा कारच्या कीर्तीवरून बसचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

कारच्या व्होल्वोची कीर्ती मात्र उगाच झालेली नाही. आज आपण लावतो तो तीन ठिकाणी अडकणारा पट्टा नील्स बोलिन या अभियंत्याने 1959 मध्ये व्होल्वोसाठी तयार केला. त्याआधी ते लढाऊ विमानांतून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करत होते. कंपनीने या पट्ट्याच्या पेटंटचा वापर इतर सर्व कारखानदारांना खुला करून दिला. 1970 मध्ये व्होल्वोने प्रत्यक्ष अपघातांच्या जागी जाऊन अभ्यास करणारे स्वतःचे पथक नेमले. कोणत्या धडकेत कोणते हाड मोडले याची नोंद ठेवून पुढची गाडी सुधारायची, ही शिस्त त्या नावामागे आहे.

आपल्या भागात आज तीच प्रतिष्ठा टाटाच्या गाड्यांना मिळाली आहे. डिसेंबर 2018 मध्ये नेक्सॉनला, गाड्या धडकवून त्यांना तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत, मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळाले. भारतात बनून भारतातच विकल्या जाणाऱ्या गाडीला या चाचणीत मिळालेले ते पहिले पाच तारे. ही गाडी आपल्याच नगर-पुणे रस्त्यावरच्या रांजणगावात तयार होते, त्यामुळे तिच्याबद्दल जिल्ह्यात आपलेपणाही आहे. पुढे जानेवारी 2020 मध्ये अल्ट्रोझने आणि ऑक्टोबर 2021 मध्ये पंचने पाच तारे मिळवले.

पण याच कंपनीच्या नॅनोला 2014 मध्ये त्याच संस्थेच्या चाचणीत शून्य तारे मिळाले होते. टियागो आणि टिगोरला 2020 मध्ये चार मिळाले. दुसरीकडे, छोट्या गाड्यांमुळे वर्षानुवर्षे टीका ऐकणाऱ्या मारुतीच्या नव्या डिझायरने नोव्हेंबर 2024 मध्ये पाच तारे मिळवले. ताऱ्यांवर कंपनीचे नाव नसते. ते एका मॉडेलचे असतात, आणि त्या मॉडेलच्याही ठरावीक रचनेचे. चाकणला बनत असलेल्या फोक्सवॅगन पोलोचे उदाहरण विसरू नये असे आहे. 2014 मध्ये एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले, दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार. त्यानंतर कंपनीने एअरबॅग नसलेली पोलो भारतात विकणे बंद केले.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. पुढच्या दोन्ही सीटसाठी एअरबॅग सर्व नव्या कारना 2022 च्या सुरुवातीपासून सक्तीच्या झाल्या. त्याआधीचे बेस मॉडेल घेत असाल तर एअरबॅग किती आहेत ते कागदावर पाहा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका. ताऱ्यांचे वर्षही विचारा. जुलै 2022 पासून ग्लोबल एनकॅपने बाजूची धडक आणि गाडी घसरू न देणारी ईएससी यंत्रणा यांचाही हिशेब सुरू केला, त्यामुळे 2018 चे पाच तारे आणि 2024 चे पाच तारे सारखे नाहीत.

'पासिंग झाली म्हणजे चाचणी झाली'

नव्या मॉडेलला विक्रीआधी सरकारी मान्यता लागते. ती चाचणी करणाऱ्या संस्थांत पुण्याची एआरएआय आहे, तशीच नगरच्या वाहननगरातली डीआरडीओची व्हीआरडीईही आहे. ऑक्टोबर 2017 पासून नव्या मॉडेलना आणि ऑक्टोबर 2019 पासून सर्व कारना समोरून ताशी 56 किलोमीटरच्या धडकेची चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. ही पास-नापासाची परीक्षा आहे. भारत एनकॅप ही 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालेली वेगळी, ऐच्छिक चाचणी. तिच्यात समोरची धडक ताशी 64 किलोमीटरने दिली जाते आणि गुणांवरून तारे ठरतात.

'पाच तारे आहेत, काही होणार नाही'

हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो चांगली गाडी घेतलेल्यांनाच होतो. चाचणी 64 ला होते. कोपरगावात समृद्धी महामार्गावर चढलात की कारसाठी 120 ची मर्यादा आहे. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, म्हणजे 120 ला ती 64 च्या साडेतीन पट भरते. तेवढी ऊर्जा जिरवायला कोणत्याही कारचे बॉनेट पुरत नाही.

दुसरी मर्यादा आपल्या जिल्ह्याला फार जवळची आहे. लोणीच्या प्रवरा कारखान्यापासून सुरू झालेली सहकारी साखर कारखानदारी जिल्हाभर पसरली आहे. हंगामात संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासा, कोपरगाव या पट्ट्यात रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालतात. पाठीमागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, टायर फुटला तर ट्रॉली रस्त्यातच उभी. अशा ट्रॉलीवर मागून आदळणारी कार भिंतीवर आदळल्यासारखी आदळत नाही. ट्रॉलीचा सांगाडा बंपरपेक्षा उंच असतो. चुरगळून ऊर्जा जिरवणारा भाग खालून निघून जातो आणि पहिला मार काचेला, छताच्या खांबांना आणि मग थेट डोक्याला लागतो. धक्का ज्या ठिकाणी आणि ज्या दिशेने अपेक्षित असतो तसा तो बसत नाही, म्हणून एअरबॅग वेळेवर उघडतीलच असे नाही. 'पाच तारे असून उघडल्या नाहीत' या तक्रारींपैकी काहींचे उत्तर इथे आहे. ट्रकच्या मागे गाडी आत घुसू नये म्हणून खाली आडवा दांडा बसवायचा नियम आहे. उसाच्या ट्रॉलीला तो सहसा दिसत नाही. रात्रीच्या अशा धडकेत तारे मोजून काही उपयोग नाही. तिथे वाचवतात ते कमी वेग, स्वच्छ हेडलाइट आणि ट्रॉलीमागचा शंभर-दोनशे रुपयांचा रिफ्लेक्टर.

एअरबॅग न उघडण्याचे दुसरे साधे कारण असे की पुढच्या एअरबॅग समोरच्या जोरदार धडकेसाठीच असतात. मागून ठोकर बसली तर त्या उघडत नाहीत आणि उघडू नयेत.

'पट्टा पुढच्यांनी लावायचा'

3 जून 2014 ला दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांचे अपघाती निधन झाले. ते मागच्या सीटवर बसले होते. मागचे पट्टे शोभेचे असतात, या गैरसमजापायी आपण मित्र गमावला, अशा अर्थाचे दुःख तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी व्यक्त केले होते. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मागच्या सीटवर उद्योगपती सायरस मिस्त्री असलेली मर्सिडीज आदळली. पुढे बसलेले दोघे जखमी झाले पण वाचले. मागचे दोघे गेले. त्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडी नामांकित होती, महागडी होती, एअरबॅगही होत्या.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये पट्टा न लावल्याने 16,715 माणसे मेली. त्यांत 8,384 चालक होते आणि 8,331 प्रवासी. मागच्या सीटवरही पट्टा कायद्याने बंधनकारक आहे, दंड 1,000 रुपये.

एअरबॅग आहे म्हणून पट्टा नको, असे म्हणणाऱ्यांनी हे समजून घ्यावे की ती पिशवी सेकंदाच्या विसाव्या भागाहून कमी वेळात फुगते. पट्ट्याने रोखलेले शरीर तिच्यावर टेकते. न रोखलेले शरीर फुगत्या पिशवीवर आदळते. पट्ट्याचा आवाज बंद करणारी क्लिप लावून फिरणारे स्वतःच्या पैशाने घेतलेली सुरक्षितता काढून टाकत असतात. अशा क्लिप विकणाऱ्या पाच ऑनलाइन कंपन्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये त्या हटवायला लावल्या.

मूल मांडीवर घेणे हा मायेपोटी होणारा धोका आहे. ताशी 50 च्या धडकेत 10 किलोच्या मुलाला धरून ठेवायला सुमारे 200 किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. ती कोणत्याच आईच्या हातात नसते. पुढे बसून मांडीवर मूल घेतले तर ते थेट एअरबॅगच्या तोंडाशी असते. तान्ह्या बाळासाठी मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवायची बालखुर्ची हाच उपाय आहे.

शोरूममधून गाडी निघाली की ती थेट ॲक्सेसरीजच्या दुकानात जाते, म्हणून शेवटी दोन गोष्टी. समोरचा लोखंडी बुल गार्ड धक्का सरळ चॅसिसला देतो, एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकवतो आणि पायी चालणाऱ्याला ठार करू शकतो. केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच त्याविरुद्ध कारवाईचे आदेश दिले आहेत. सीटमध्ये एअरबॅग असेल तर घट्ट सीट कव्हर तिची वाट अडवते.

तेव्हा गाडी ठरवताना मॉडेल, वर्ष आणि बेस की टॉप, या तिन्हींसह तारे विचारा. घरात ट्रॅक्टर-ट्रॉली असेल तर हंगाम सुरू व्हायच्या आत मागे रिफ्लेक्टर आणि दिवे लावून घ्या. आणि मागच्या सीटवरचे पट्टे कव्हरखाली दाबले गेले असतील तर ते आजच बाहेर काढा.