पुठ्ठ्याचा माग, वाळूचा भंडारा

मराठी वाचकाला बऱ्हाणपूर माहीत असतं ते इतिहासाच्या पुस्तकातून. १६३१ साली मुमताज महल इथेच बाळंतपणात गेली. मिर्झाराजे जयसिंगांचा शेवट १६६७ साली इथेच झाला आणि १६८१ साली संभाजी महाराजांच्या फौजेने हे शहर लुटलं. परीक्षेपुरतं एवढं पुरतं. पण मुलांना शाळेत न घालता घरी शिकवणाऱ्या, किंवा शाळा सांभाळून घरी काही वेगळं करू पाहणाऱ्या आईवडिलांनी या गावाकडे नव्याने पाहावं, असं मला फार दिवसांपासून वाटतं. चारशे वर्षांपूर्वीची जमिनीखालची पाण्याची वाट, मशिदीतला संस्कृत शिलालेख, यंत्रमागांचा खडखडाट आणि वेशीपासून पसरलेल्या केळीच्या बागा, एवढं सगळं हाताशी असलेली गावं थोडीच.

घरशाळेचा विषय निघाला की आधी साहित्याची यादी होते. कोणता संच मागवायचा, कोणतं ॲप चांगलं, वर्कशीटचे गठ्ठे कुठे मिळतात. मोठ्या शहरांतल्या काही कुटुंबांना हे परवडत असेल. बऱ्हाणपूर, रावेर, नेपानगरच्या बऱ्याच घरांत त्या यादीपाशीच उत्साह मावळतो. मला ही सुरुवातच चुकीची वाटते. समोर खरी वस्तू असावी, तिच्याबद्दल खराच प्रश्न पडावा आणि ती मोजायची, खोलायची, बिघडवायची मोकळीक असावी, म्हणजे मूल रमतं. बाकीचं साहित्य घरात आणि आठवडी बाजारात पडलेलंच आहे.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. याच भुसावळ-इटारसी रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, इथून अडीचशे किलोमीटरच्या पुढे, होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ शाळांत विज्ञान शिकवायची नवी पद्धत सुरू केली. सहावी ते आठवीची मुलं टोळ्या करून स्वतः प्रयोग करायची, दिसलं ते वहीत लिहायची, त्यावर वाद घालायची. पुस्तकात प्रश्न होते, तयार उत्तरं नव्हती. परीक्षेला वही-पुस्तक सोबत न्यायला परवानगी होती. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला, १९८२ साली त्याच धडपडीतून ‘एकलव्य’ संस्था उभी राहिली आणि २००२ साली राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला. तो बंद होणं ही मध्य प्रदेशातल्या शिक्षणाची मोठी हानी होती, असं माझं ठाम मत आहे. त्यातली ‘बाल वैज्ञानिक’ पुस्तकं मात्र आजही मिळवता येतात. घरी शिकवणाऱ्या पालकाला त्यांच्याइतका भरवशाचा सोबती मला दुसरा माहीत नाही. पुस्तकं हिंदीत आहेत, पण आपल्याकडच्या मराठी घरांतली मुलं गल्लीत हिंदीच बोलतात, त्यामुळे तीही अडचण नाही.

पुण्याच्या टेल्कोत नोकरी करणारे अरविंद गुप्ता १९७८ साली रजा काढून याच कार्यक्रमात आले. तिथल्या बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी सापडली. नळीचे छोटे तुकडे कापून त्यांत आगकाड्या खोचल्या की सांधे तयार होतात आणि काड्यांचे त्रिकोण, चौकोन, घरं उभी राहतात. चौकोन बोटाने दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही. पत्र्याच्या छपराखालच्या कैच्या त्रिकोणी का असतात, हे मुलाला वेगळं सांगावं लागत नाही. ते रस्त्याने चालताना स्वतःच छपरं दाखवायला लागतं. पुढे गुप्तांनी पुण्यात आयुकाच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं काम केलं. कचऱ्यातून बनवलेल्या शेकडो खेळण्यांची कृती आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत.

मराठीत ही वाट त्याआधीच पडली होती. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. मण्यांऐवजी बिया, ठोकळ्यांऐवजी गारगोट्या, शिंपले, पानं असं त्यांचं साहित्य होतं. मुलं गुरं सोडून शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा शाळाच त्यांच्यामागे कुरणात गेली. घरशाळेचा विचार करणाऱ्याने परदेशी नावं वाचण्याआधी अनुताईंचं लेखन वाचावं.

आता बऱ्हाणपूर. इथला सगळ्यात मोठा धडा जमिनीखाली आहे. अब्दुर्रहीम खानखाना सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारं भूजल अडवून शहरात आणलं. मूळ भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण आणि कुंडी भंडारा ही त्या व्यवस्थेची नावं. कुंडी भंडाऱ्यात एका ओळीत शंभराहून अधिक कुंड्या खोदल्या आहेत. त्या खालून भुयाराने जोडलेल्या आहेत आणि पाणी केवळ उतारावर, कुठल्याही यंत्राशिवाय, सुमारे तीन किलोमीटरवरच्या जाळी करंजाकडे वाहतं. इराणातल्या कनातीची ही पद्धत. २०२४ साली हे ठिकाण युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेलं. खाली उतरायची सोय चालू असेल तर मुलांना जरूर न्या. नसली तरी वरून कुंड्यांच्या ओळीने चालत जाणं, दोन कुंड्यांमधलं अंतर पावलांनी मोजणं आणि घरी येऊन चौकटीच्या कागदावर नकाशा काढणं, यात एक सकाळ निघते.

खरी मजा त्यानंतर, अंगणात. एक पसरट टब घ्या. तळाशी काळी चिकण माती थापून एका बाजूला उतार द्या. हा पाणी न झिरपू देणारा थर. बागेच्या जुन्या पाइपचा तुकडा घेऊन त्याच्या वरच्या अर्ध्या भागाला गरम सुईने भोकं पाडा, त्यावर सुती चिंधी गुंडाळा, तो मातीवर उतारानेच ठेवा आणि त्याचं खालचं तोंड टबाच्या कडेतल्या भोकातून बाहेर काढा. वर खडी, खडीवर वाळू. मधे दोन-तीन स्ट्रॉ पाइपपर्यंत उभ्या खोचल्या की कुंड्या झाल्या. उंच बाजूला तांब्याने हळूहळू पाणी घाला. आधी बराच वेळ काहीच येत नाही आणि मुलं कंटाळू लागतात. मग थेंब, मग बारीक धार, तीही गाळलेली. पाणी घालणं थांबवलं तरी धार चालूच राहते, तेव्हा मुलं हमखास विचारतात: हे पाणी आता कुठून येतंय? सातपुड्यात पाऊस थांबल्यावरही भंडारा का वाहतो, याचं उत्तर त्यांच्या प्रश्नातच आहे. पाइप जास्त तिरका केला तर वाळू वाहून येते, आडवा केला तर पाणी तुंबतं. दोन्ही करू द्या. चिंधी न गुंडाळता एकदा करून पाहू द्या. पाइप चोंदला की भुयाराची साफसफाई कशी करत असतील, हा विषय आपोआप निघतो आणि कुंड्या कशासाठी, हेही उमगतं.

इथल्या पाण्यात चुना आहे आणि भंडाऱ्याच्या भिंतींवर त्याची पुटं चढतात. म्हणून दोन सारख्या बाटल्या घ्या, एकीत पावसाचं साठवलेलं पाणी, दुसरीत बोअरचं. दोन्हींत साबणाच्या द्रावणाचे थेंब मोजून टाका आणि हलवा. किती थेंबांना टिकणारा फेस येतो ते लिहा. बादलीच्या तळाशी जमलेल्या पांढऱ्या थरावर लिंबू पिळलं की बुडबुडे येतात. याला जोडून घरातल्या पाण्याचा हिशेबही होतो. जुलै २०२२ मध्ये बऱ्हाणपूर हा ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित झालेला देशातला पहिला जिल्हा ठरला. त्या योजनेत माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं आहे. आपल्या घरात माणशी किती लागतं, हे मुलांनी आठवडाभर बादल्या मोजून काढावं. मोठ्यांना तो आकडा आवडेलच असं नाही.

गणितासाठी जामा मशिदीत जा, नमाजाच्या वेळा टाळून. फारुकी सुलतान राजा अलीखानाने ती बांधली. आत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेख आहे. त्यात फारुकींची वंशावळ आहे, बांधकामाची तिथी आहे आणि विक्रम संवत १६४६, शके १५११ अशी वर्षं आहेत. दगडाला हात न लावता, पाहून पाहून एक ओळ वहीत उतरवायला सांगा. देवनागरीचं जुनं वळण मुलांना कोड्यासारखं वाटतं. मग हिशेब. संवतातून ५७ वजा केले तरी १५८९, शकात ७८ मिळवले तरी १५८९. इथे बहुतेक पालक थांबतात, पण खरी गंमत पुढे आहे. महिना पौष आहे. पौष डिसेंबर-जानेवारीत येतो, म्हणजे ती तिथी इंग्रजी वर्ष उलटल्यावरची, १५९० ची असू शकते. भिंतीवरची दिनदर्शिका उघडून पौष कधी सुरू होतो, कधी संपतो ते पाहायला लावा. वर्षाचं रूपांतर महिन्यावर अवलंबून असतं, हे पाठ करून कुणाला आजवर समजलेलं मी पाहिलं नाही.

कापडाचा विषय इथे टाळताच येणार नाही. सतराव्या शतकातला फ्रेंच व्यापारी ताव्हर्निए इथल्या झिरझिरीत वस्त्रांबद्दल लिहून गेला. ती इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात. ही नावं जगाच्या नकाशावर दोऱ्याने जोडा. मग जाड पुठ्ठ्याच्या दोन कडांना अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर खाचा पाडा, त्यांत सुताचा ताणा गुंडाळा, बाण्यासाठी आइस्क्रीमच्या काडीचा धोटा करा. एक वर, एक खाली. चार बोटं विणून झाली की कडा आत ओढल्या गेलेल्या दिसतात; बाणा किती सैल ठेवायचा हे हाताला तेव्हा कळतं. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, तिच्या केंद्रस्थानी टकळी आणि सूत होतं, हेही या वयात सांगून टाकावं. थोड्या मोठ्या मुलांसाठी: कागदात एक इंच चौरस खिडकी कापा, ती घरातल्या वेगवेगळ्या कापडांवर ठेवून भिंगातून उभे-आडवे धागे मोजा. आजीचं जुनं लुगडं, मांजरपाट, पंचा, शाळेचा शर्ट. तक्ता मुलांनीच आखावा.

केळीबद्दल मात्र मला जरा विस्ताराने लिहायचं आहे, कारण मुलं ती रोज खातात आणि तिच्याकडे पाहत नाहीत. एकाच फणीतली हिरवी केळी घ्या. निम्मी उघड्यावर ठेवा, निम्मी कागदी पिशवीत एका पिकल्या केळ्याबरोबर. रोज दोन्हीकडचं एकेक केळ कापून चकतीवर औषधाच्या दुकानातल्या टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. पहिल्या दिवशी चकती निळी-काळी होते, तो स्टार्च. जसजसं केळ पिकतं तसतसा रंग फिका होत जातो, कारण स्टार्चची साखर होते. पिशवीतलं केळ पुढे धावतं. पिकलेलं फळ इथिलीन वायू सोडतं आणि शेजाऱ्यालाही पिकवतं. रोजच्या चकतीचं चित्र रंगीत खडूने वहीत काढायचं, तारीख घालायची. (आयोडीन लागलेली चकती खायची नाही, आणि कपड्यांवरचा डाग निघत नाही, हे आधीच सांगा.) मग गावातल्या रायपनिंग चेंबरचा अर्थ लागतो, आणि कार्बाइडने फळं पिकवायला बंदी का आहे, यावरही बोलता येतं. मृगबाग आणि कांदेबाग यांतला फरक शेतकऱ्याकडूनच ऐकावा. बऱ्हाणपूर मंडीचा केळीचा भाव रावेरच्या शेतकऱ्यांपर्यंत रोज पोचतो; तो महिनाभर आलेखावर मांडला की सणवार आणि भाव यांचं नातं दिसू लागतं. पाचवीतल्या मुलाला हा आलेख सहज जमतो.

मराठी वाचनासाठी बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. मराठी विश्वकोशही तसाच खुला आहे. एकलव्यचं ‘चकमक’ हिंदीत आहे, पण चित्रांसाठी तरी घ्यावं. ‘पालकनीती’ मोठ्यांसाठी. हिंदी माध्यमाच्या राज्यात राहणाऱ्या मराठी मुलांची भाषा स्वयंपाकघरापुरती उरायची नसेल, तर वर सांगितलेल्या प्रयोगांच्या नोंदी मराठीत लिहायला लावाव्यात. निबंधापेक्षा नोंदीत भाषा जास्त सहज येते, कारण सांगण्यासारखं काहीतरी घडलेलं असतं.

कायद्याचा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेचा हक्क देतो. घरी शिकवण्याला त्यात वेगळी मान्यता नाही, आणि तसं करणाऱ्या पालकाला शिक्षेची तरतूदही नाही. परीक्षेसाठी १९८९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तिथे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष टप्पे आहेत, आणि १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, तेही मराठी माध्यमातून. हा निर्णय मात्र मुलाला विचारून, सोबत्यांची सोय पाहूनच घ्यावा. एकट्या मुलाने एकट्या आईबरोबर केलेला प्रयोग लवकर शिळा होतो; शेजारची चार मुलं रविवारी बोलवा.

त्या चौघांसाठी मार्चमधला एक प्रयोग आताच ठरवून ठेवा. बऱ्हाणपूर २१.३ अक्षांशावर आहे. २१ मार्चच्या आसपास, दिवस-रात्र सारखे असताना, एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. बारापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूने टिपा. सगळ्यात आखूड सावली घड्याळाच्या बारानंतर येते, कारण प्रमाणवेळ आपल्याहून पंचवीसेक मिनिटं पुढे आहे. ती भरेल सुमारे ३९ सेंटिमीटर. त्याच दुपारी दिल्लीत कुणी हेच केलं तर सावली साधारण ५४ ते ५५ सेंटिमीटर मिळेल. आलेखकागदावर दोन्ही त्रिकोण काढून कोनमापकाने कोन मोजा, फरक ७.३ अंशांच्या जवळ यायला हवा. दिल्ली जवळजवळ आपल्या थेट उत्तरेला आहे, नकाशावर मोजलं तर सुमारे ८१० किलोमीटर. ३६० ला ७.३ ने भागा, ८१० ने गुणा, पृथ्वीचा घेर येतो: चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने इजिप्तमध्ये हेच केलं, आणि त्याचा कोन होता ७.२ अंश. एका टोकाला सावली एक सेंटिमीटर चुकली तर घेर अडीच-पावणेतीन हजार किलोमीटरने चुकतो, म्हणून टोक टिपणारं मूल सावध असावं. दिल्लीत कुणी नसेल तर बंगळुरूला मावसभाऊ असेल. तेही शहर जवळपास त्याच रेघेवर, दक्षिणेला आहे आणि तिथली सावली २३ सेंटिमीटर भरते. त्याला काठीची उंची, तारीख आणि पाच-पाच मिनिटांची पद्धत दिवाळीच्या फोनवरच सांगून टाका, आणि ढग आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचं, हेही.