अक्कलदाढ आणि मातृत्वाची आस

घरात बाळाची वाट पाहिली जात असते आणि त्याच सुमारास सुनेची अक्कलदाढ ठणकू लागते. गाल सुजतो, तोंड नीट उघडत नाही, दंतवैद्य दाढ काढण्याचा सल्ला देतात. मग घरात शंका निघतात. एक्स-रेचा परिणाम होईल का? भूल बाधेल का? दिवाळीचा हंगाम उरकू दे, मग पाहू, असे म्हणता म्हणता महिने निघून जातात. दुखणे मात्र कोणासाठी थांबत नाही.

खरे पाहता, अपत्यप्राप्तीची इच्छा असलेल्या स्त्रीने दातांचे काम आधीच उरकून घेणे हिताचे असते. गर्भारपणात हिरड्या सुजणे, त्यांतून रक्त येणे सर्रास आढळते. त्यातच अर्धवट उगवलेल्या दाढेभोवती पू झाला, तर नेमक्या नाजूक काळात तीव्र औषधांची वेळ येते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील साडेतीन हजारांहून अधिक गर्भवती स्त्रियांच्या पाहणीत, हिरड्यांचा आजार असलेल्यांना गर्भधारणेस सरासरी सात महिने, तर इतरांना सुमारे पाच महिने लागल्याचे दिसले. हिरड्यांमुळेच उशीर झाला, असे यावरून सिद्ध होत नाही. तरी मुखाच्या आरोग्याकडे दुर्लक्ष करू नये, एवढे यातून निश्चित कळते.

वेळेची निवड महत्त्वाची आहे. पाळी सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या दहा दिवसांत गर्भ राहिलेला असण्याची शक्यता फारच कमी असते. तातडी नसल्यास शस्त्रक्रिया याच दिवसांत ठेवावी. पाळी लांबली असेल, तर आधी लघवीची तपासणी करून घ्यावी. एका दाताच्या एक्स-रेतील किरणांची मात्रा अत्यल्प, निसर्गातून एका दिवसात मिळते साधारण तेवढीच असते, आणि किरणांचा रोख जबड्याकडे असतो. त्यामुळे आवश्यक एक्स-रे भीतीपोटी टाळू नये.

दाढेपुरती भूल देण्यासाठी वापरले जाणारे लिग्नोकेन गर्भारपणातही दिले जाते. पूर्ण भूल, गुंगीचे औषध किंवा नायट्रस ऑक्साइड वायू सुचवला असेल, तर मात्र गर्भधारणेची शक्यता आवर्जून सांगावी. वेदनेसाठी पॅरासिटामॉल बरे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या सलग घेतल्यास स्त्रीबीज बाहेर पडण्यात अडथळा येऊ शकतो. प्रतिजैविक लागलेच, तर अ‍ॅलर्जी नसल्यास अ‍ॅमॉक्सिसिलिन सहसा चालते. डॉक्सीसायक्लिन टाळले जाते. यांतील कोणतेही औषध दुकानातून परस्पर आणू नये. फॉलिक अ‍ॅसिडची रोजची गोळी चालू असल्यास तेही दंतवैद्यांना सांगावे.

अडचण बहुधा सांगण्याचीच असते. दवाखान्यात सासूबाई किंवा दीर सोबत असतात; त्यांच्यासमोर पाळीची तारीख कशी सांगायची, या संकोचाने ती गप्प राहते. दंतवैद्यांशी दोन मिनिटे एकटीने बोलण्याची मोकळीक तिला मिळावी. ती मिळवून देणे हे पतीचे कर्तव्य आहे.

चौविहार पाळणाऱ्या घरांनी औषधांच्या वेळा आधीच विचारून घ्याव्यात. दिवसातून दोनदा घेण्याचे औषध चालेल का, हे दंतवैद्य सांगू शकतात. बहुतेक कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असते, रक्त थांबवण्यासाठी जखमेत ठेवला जाणारा स्पंजही कधी कधी जिलेटिनचा असतो. आधी सांगितल्यास पर्याय शोधता येतो. पर्युषण वा दीर्घ उपवासाच्या तोंडावर शस्त्रक्रिया ठेवू नये. जखम भरण्यास पाणी आणि पोषण दोन्ही लागतात. पहिले दोन-तीन दिवस मूगडाळीचे पातळ वरण, मऊ भात, ताक असा कोमट वा थंड आहार सोसतो.

हिरडीची जखम सर्वसाधारणपणे दोन आठवड्यांत भरते. त्यापुढे प्रयत्न केव्हा सुरू करावेत, हे दंतवैद्य आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांना विचारून ठरवावे. उपचार अर्धवट असताना दिवस राहिल्याचे कळले, तरी घाबरू नये. त्वरित दोघांनाही कळवावे. थांबता येणारे काम दुसऱ्या तिमाहीत सोयीने होते. मात्र पू, ताप किंवा वाढती सूज असल्यास कोणत्याही महिन्यात उपचार लांबवू नयेत. मातेच्या अंगातील जंतुसंसर्ग बरा करणे, ही येणाऱ्या बाळाचीच काळजी आहे.