लढवय्याची सनद

टेबलाभोवती चार-सहा मंडळी बसून, फासे टाकीत आणि तोंडाने कथानक रचीत जो खेळ खेळतात, व ज्याचा आद्य नमुना गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने प्रसिद्ध केला, त्या रोलप्लेइंग खेळात एक फिर्याद गेली कित्येक दशके निकालात निघालेली नाही. फिर्यादी आहे तो मंत्रतंत्र न जाणणारा लढवय्या, म्हणजे 'फायटर'. त्याच्या शेजारचा 'विझार्ड' काळ थांबवतो, आकाशातून उल्का पाडतो, आणि जादू म्हटले की त्याला कोणी दाखला मागत नाही. परंतु लढवय्याने तीस हात रुंदीची दरी एका उडीत ओलांडण्याचा मनोदय बोलून दाखविताच 'डन्जन मास्टर', म्हणजे या खेळाचा सूत्रधार व न्यायाधीश, भौतिकशास्त्र उघडून बसतो, आणि तालमीतल्या एखाद्या बऱ्या पहिलवानास जे साधेल तेवढेच मंजूर करतो.

वस्तुतः हा लढवय्या प्राकृत मनुष्य आहे, हे गृहीत खुद्द नियमांच्या दप्तरातच टिकत नाही. १९७४ च्या पुस्तिकांत त्याला चौथ्या पायरीवर, म्हणजे 'लेव्हल'वर, 'हीरो' आणि आठव्या पायरीवर 'सुपरहीरो' असे किताब बहाल केलेले होते. २०१४ च्या आवृत्तीत उंचावरून पडल्यास दर दहा फुटांमागे एक फासा, आणि अधिकात अधिक वीस फासे, म्हणजे फार तर १२० 'हिट पॉइंटां'ची, म्हणजे पात्राची तग मोजणाऱ्या गुणांची, हानी. विसाव्या पायरीच्या धट्ट्याकट्ट्या लढवय्याजवळ सहज दीडशेहून अधिक असतात, सबब तो कितीही उंच कड्यावरून कोसळला तरी कपडे झटकून चालू लागतो. हिट पॉइंट म्हणजे निव्वळ रक्तमांस नव्हे, त्यांत कौशल्य, दैव व देवकृपाही अंतर्भूत आहे, असा खुलासा गायगॅक्स यांनी १९७९ साली केला होता. तलवारीच्या वाराला तो लागू पडतो, कारण वार निसटता चुकवता येतो. जमीन कशी चुकवावी?

पुढील आवृत्त्यांनी निरनिराळ्या तजविजी केल्या. २००० सालच्या आवृत्तीने 'असाधारण' सामर्थ्याचा स्वतंत्र वर्ग काढून, ते निसर्गनियम मोडत असले तरी जादू नव्हे, असा स्पष्ट निर्वाळा दिला. हे उत्तर मला सर्वांत प्रामाणिक वाटते. दुर्दैव एवढेच की लढवय्याच्या वाट्याला त्यातून फारसे काही आले नाही. २००८ साली त्याला भरघोस शक्ती मिळाल्या, तेव्हा तंट्याला नवे निमित्त सापडले: एका डावपेचाने तो भोवतालच्या सर्व शत्रूंना स्वतःजवळ खेचून घेई, आणि दूर उभा राहिलेला चतुर तिरंदाज आपण होऊन तलवारीच्या टप्प्यात का यावा, या प्रश्नापुढे निर्मात्यांना अखेर तो नियमच दुरुस्त करावा लागला. १९९३ च्या 'अर्थडॉन' या खेळाने तर वीराची कसबेही जादूचीच ठरवून वाद मुळापासून मिटवला. मात्र त्यात निव्वळ मनगटाचा माणूसच नाहीसा झाला.

वीराच्या अमानुष पराक्रमाला आधार देण्याची हीच जबाबदारी आपल्या महाभारताने पत्करली, ती दोन रीतींनी. भीमाच्या बळास वायूचे पितृत्व आणि नागलोकीचे रसपान असे दोन जामीन आहेत. पण भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड त्याला इजा न करता बाणांनी भरून टाकणाऱ्या एकलव्यास वर नाही, दिव्य जन्म नाही, केवळ अभ्यास आहे, आणि तो पुरेसा मानला गेला आहे. ज्या जगात ड्रॅगनसारखा अजस्र प्राणी उडतो, तेथे अभ्यासाची मर्यादा आपल्या जगातल्या स्नायूंवरून का ठरवावी, हे मला तरी उमगलेले नाही.

तेव्हा सूत्रधाराने पहिल्याच बैठकीत, कोणत्या पायरीला मनुष्यदेह कोठवर पोहोचतो, हे सर्वांच्या संमतीने मुक्रर करावे, आणि मग ऐन प्रसंगी पुरावा मागू नये. मंडळींना चिखलरक्ताची, प्राकृत माणसांचीच कथा हवी असेल तर तीही रास्त आहे. फक्त त्या वेळी विझार्डाचे वरच्या श्रेणीचे मंत्रही जप्त करावेत, किंवा खेळ खालच्या पायऱ्यांवरच आटोपता घ्यावा.