बालवाडीतील बैठक

गर्भात, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत वाढत्या मेंदूला इजा झाली, तर हालचालींवर आणि शरीर सावरण्याच्या क्षमतेवर कायमची मर्यादा येते. या अवस्थेला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. मराठीत तिच्यासाठी ‘मेंदूचा पक्षाघात’ हा शब्द असला, तरी थेरपीसाठी ताटकळत बसलेल्या पालकांच्या बोलण्यात ती ‘सीपी’ एवढीच असते. मेंदूतील इजा पुढे वाढत नाही. मात्र मूल वाढते, हाडे लांब होतात आणि ताठर स्नायू त्या वाढीला पुरे पडत नाहीत, म्हणून दिसणारे परिणाम वयाबरोबर बदलत राहतात. हजार जन्मांमागे साधारण दोन ते तीन मुलांत ही अवस्था आढळते. त्या हिशेबाने थेरगाव, काळेवाडी आणि पिंपळे सौदागर यांच्या मध्ये वसलेल्या रहाटणीसारख्या दाट वस्तीत अशी मुले असणारच, आणि तिसरे वर्ष लागले की त्यांचेही नाव कुठल्या तरी बालवाडीत घालण्याची वेळ येणारच.

या अवस्थेचे पहिले पद्धतशीर वर्णन विल्यम लिटल या इंग्रज शल्यविशारदाने १८६१ मध्ये केले आणि तिचा संबंध अवघड बाळंतपणाशी जोडला. मनोविश्लेषणाकडे वळण्यापूर्वी मज्जाविकारांचा अभ्यास करणाऱ्या सिग्मंड फ्रॉइडने १८९७ मध्ये वेगळी शंका घेतली, ती अशी की अवघड बाळंतपण हे कारण नसून गर्भातच झालेल्या बिघाडाचे लक्षण असू शकते. पुढील संशोधनाने त्याच्या म्हणण्याला बरेच बळ दिले: जन्मताना प्राणवायू कमी पडणे हे थोड्याच मुलांतील कारण असते, आणि अपुऱ्या दिवसांचा जन्म, अत्यल्प वजन, जंतुसंसर्ग व नवजात बाळाची तीव्र कावीळ हीही कारणे असतात. तरीही घरोघरी दोष आईच्या पथ्यावर किंवा तिच्या नशिबावर ठेवला जातो, हे शास्त्राला धरून नाही.

सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात स्नायू ताठर राहतात. त्याला स्पॅस्टिक म्हणतात. काही मुलांत हातपाय मनाविरुद्ध वळत राहतात, तर काहींचा तोल जातो. हालचालींच्या क्षमतेनुसार पाच पातळ्या ठरवणारी मोजपट्टी रॉबर्ट पॅलिसानो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तयार केली. तिच्या पहिल्या पातळीवरचे मूल आधाराशिवाय चालते, तर पाचव्या पातळीवरच्या मुलाला मान सावरणेही कठीण जाते. ही मोजपट्टी बुद्धीबद्दल काहीच सांगत नाही. सीपी असलेल्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांना बौद्धिक अक्षमता असते, म्हणजे उरलेल्या निम्म्यांना ती नसते. आणि चारांपैकी एकाला बोलता येत नसल्यामुळे ते मूल कोणत्या निम्म्यात आहे, हे नुसते पाहून ओळखणे शिक्षिकेला शक्य नसते.

बालवाडीत या मुलाची पहिली गाठ पडते ती मांडीशी. आपल्याकडील लहान मुलांचा वर्ग सतरंजीवर गोल करून भरतो, आणि मांडी घालून ताठ बसणे हीच शिस्तीची पहिली खूण मानली जाते. स्पॅस्टिक मुलाच्या मांड्यांचे आतले आणि मागचे स्नायू आखडलेले असल्याने त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो आणि पडू नये म्हणून त्याला दोन्ही हात जमिनीवर टेकावे लागतात. ज्याचे दोन्ही हात तोल सावरण्यात गुंतले आहेत, ते मूल खडू धरणार कशाने? अशा वेळी ‘याचे लक्ष नसते’ असा शेरा पडतो, आणि तो शेरा पुढच्या वर्गात मुलाच्या आधी जाऊन पोहोचतो.

त्यावरील उपाय बहुधा एका साध्या खुर्चीत असतो. कंबर, गुडघा आणि घोटा हे तिन्ही सांधे साधारण काटकोनात राहतील, तळपाय फळीवर पूर्ण टेकतील, गुडघ्यांच्या मध्ये छोटा ठोकळा असेल आणि समोर छातीशी गोल कापलेली फळी असेल, अशी खुर्ची थेरपिस्टने माप दिल्यास गल्लीतला सुतारही प्लायवूडमधून करून देऊ शकतो. धड स्थिर झाले की हात मोकळे होतात. मात्र ती खुर्ची बुटकीच हवी, कारण सगळी मुले खाली आणि एक मूल उंचावर बसले, तर ते गोलातून आपोआप बाहेर पडते.

बाकीच्या अडचणीही बव्हंशी अशाच, म्हणजे जागेच्या आणि सवयीच्या असतात. अनेक बालवाड्या बंगल्यात किंवा दुकानांच्या वरच्या मजल्यावर भरतात, तेव्हा वॉकर घेऊन येणारे मूल जिन्याशीच अडते. घंटा अचानक वाजली की काही मुलांचे अंग दचकून ताठ होते. त्यापेक्षा टाळीने किंवा गाण्याने सुरुवात केलेली बरी. शौचालयात कमोड आणि धरायला दांडी असावी लागते, घोट्याला आधार देणारी पट्टी बुटात बसावी लागते आणि डबा संपवायला दुप्पट वेळ द्यावा लागतो. न बोलणाऱ्या मुलाला ‘पाणी’, ‘शू’, ‘दमलो’, ‘नको’ अशा चित्रांचा फलक दिला, तर बोट किंवा नजर वळवून त्याला मागता येते. वर्गातील इतर मुले ‘त्याची लाळ का गळते?’ असे थेट विचारतात. त्यांना थेट उत्तर मिळाले की त्यांचे समाधान होते. मोठ्यांचे होत नाही, ही गोष्ट निराळी.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात अनेक घरांतील वडील शिफ्टमध्ये काम करतात आणि आजी-आजोबा गावी असतात. थेरपीची वेळ आणि बालवाडीची वेळ दोन्ही सकाळीच आल्या की बहुधा बालवाडी सुटते, आणि त्यापाठोपाठ आईची नोकरीही.

कायद्याची मदत येथे उशिरा पोहोचते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये सेरेब्रल पाल्सीचा स्पष्ट समावेश आहे, परंतु चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाच्या मोफत शिक्षणाचा त्यातील हक्क वयाच्या सहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंतचा आहे. तीन ते सहा या वयोगटासाठी अंगणवाडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला केलेल्या कामातून ती आली, आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हे तिचे मूळ सूत्र. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी देशभर नेली. पण त्या अंगणात दिव्यांग मूल का दिसत नाही, या प्रश्नावर डॉ. मिथू अलूर यांना प्रबंध लिहावा लागला. त्यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. त्यांची कन्या मालिनी छिब यांना स्वतःला सेरेब्रल पाल्सी आहे, आणि त्यांनी ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मकथन लिहिले आहे. दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती केंद्र सरकारने जाहीर केली ती नोव्हेंबर २०२३ मध्ये, म्हणजे योजना सुरू झाल्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी. खासगी नर्सरीपर्यंत तर यातले फारच थोडे पोहोचते. तेथील प्रवेश अजूनही संचालिकेच्या मनाच्या मोठेपणावर अवलंबून असतो.

म्हणून रहाटणीतील पालकांनी आणि शिक्षिकांनी जूनची वाट पाहू नये. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज आधीच करावा, सुट्टीत मुलाला रिकाम्या वर्गात दोन-तीनदा नेऊन आणावे, थेरपिस्टला एकदा तो वर्ग दाखवावा, आणि सुताराला खुर्चीचे माप एप्रिलमध्येच द्यावे.