मासे मेल्यानंतर समुद्रपेटीचे काय करावे?

काचेच्या पेटीत रंगीत मासे पाळण्याची हौस आता खेड्यांतूनही दिसू लागली आहे. गोड्या पाण्याच्या पेटीने हात बसला की काही तरुणांची दृष्टी खाऱ्या पाण्याकडे वळते. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे विदूषक मासे, खडकाच्या कपारी, गोगलगायी, शंखातले खेकडे असा समुद्रतळाचा एक लहानसा तुकडा आपल्या ओटीवर असावा, ही इच्छा मोठी गोड आहे. सिल्वासाच्या कारखान्यात काम करून गलोंड्यास परतणारा एखादा तरुण त्यासाठी दोनतीन महिन्यांची बचत खर्च करतो. पेटी, मीठ, दिवे, पंप आणि मासे हे सारे एकाच दिवशी घरी येते. आठवडाभर शेजारपाजारची मुले काचेला नाक लावून उभी राहतात. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी एक मासा तळाशी आडवा पडलेला दिसतो, संध्याकाळी दुसरा. घरात हळहळ होते, वडीलमाणसे खर्चाचा हिशोब काढतात आणि तो तरुण दुकानात जाऊन मेलेल्यांच्या जागी तितकेच नवे मासे घेऊन येतो. तेही मरतात.

हा दुसरा मृत्यू टाळता येण्यासारखा असतो. म्हणून पहिला मासा गेल्यावर काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, याचा विचार आज करू.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांस हे समजावयास कठीण नाही. ताजे शेण रोपाच्या मुळाशी घातले तर रोप जळते. तेच शेण खड्ड्यात मुरले म्हणजे खत होते. मुरणे म्हणजे काय, तर डोळ्यांस न दिसणारे जीवाणू त्यातील घातक द्रव्यांचे रूपांतर करतात. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो. न खाल्लेले अन्न कुजूनही अमोनियाच होतो. जीवाणूंचा एक वर्ग त्याचे नायट्राइट करतो व दुसरा वर्ग नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्रेट बेताचे असेल तर मासे ते सहन करतात. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास मातीतून हे जीवाणू वेगळे काढून दाखविले. आपल्या भातखाचरांत जे चालते तेच समुद्रात चालते आणि तेच त्या पेटीतही चालावे लागते. नव्या पेटीत मात्र हे जीवाणू जवळजवळ नसतातच. खडकांवर व वाळूवर त्यांची वस्ती बसावयास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. मासे आले पहिल्या दिवशी आणि त्यांची घाण वाहून नेणारे आले महिन्याने, असा हा उलटा प्रकार असतो. पेटी, मीठ व मासे एकाच दिवशी विकणारा दुकानदार आपले गिऱ्हाईक सांभाळतो, मासे सांभाळत नाही, असे आम्हांस स्पष्ट म्हणावेसे वाटते.

खाऱ्या पाण्यात हे संकट अधिक तीव्र असते. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ च्या आसपास असतो, आणि सामू व उष्णता जितकी जास्त तितका अमोनियाचा विषारी भाग वाढतो. शिवाय खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंश तापमानास गोड्या पाण्याच्या एका लिटरात सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७ मिलिग्रॅमच. वैशाखात आपल्या घरांतील पाणी ३० अंशांच्या पुढे गेले की तेवढाही राहत नाही, आणि त्यातच वीज गेली व पंप थांबला तर मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप घरी असणे म्हणूनच शोभेच्या दिव्यांपेक्षा अगत्याचे आहे. उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर साधा पंखा सोडला तर ओल्या माठातील पाणी जसे गार होते तसे पेटीतील पाणीही दोनतीन अंशांनी उतरते.

आता प्रत्यक्ष उपाय. मेलेला मासा तत्काळ बाहेर काढावा. दिसत नसेल तर खडक उचलून शोधावा, कारण कपारीत कुजणारा एक मासा शंभर लिटर पाणी नासवू शकतो. मेलेली गोगलगाय शंखातच राहते, तेव्हा न हलणारा शंख हुंगून पाहावा. उरलेल्या माशांस एकदोन दिवस अन्न देऊ नये. धडधाकट मासा ते सहज सोसतो. मग अमोनिया, नायट्राइट, सामू, तापमान व खारेपण ही मोजावीत आणि तारखेसह वहीत लिहावीत. अमोनिया आढळला तर पाण्याचा चौथा भाग काढून, तितकेच खारट व तितकेच उबदार नवे पाणी घालावे. दर वेळी चौथा भाग बदलला तर विषही चौथ्या हिश्शाने घटते: २ होते ते १.५ होते, मग १.१, मग ०.८. मासे धापा टाकीत असतील तर एकदम अर्धे पाणी बदलावे लागते. परंतु घाबरून सगळी पेटी रिकामी करणे, खडक व वाळू नळाच्या पाण्याने घासून धुणे, हे कदापि करू नये. जे थोडेबहुत जीवाणू वस्तीस आले असतात तेही त्यात मरतात, आणि पेटी पुन्हा पहिल्या दिवसावर येते.

खारेपणाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण इथे पुष्कळांचा घोटाळा होतो. एक लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. शंभर लिटरांच्या पेटीतून पाच लिटर पाणी उडून गेले आणि त्या जागी पाच लिटर खारे पाणी ओतले, तर खारेपण ३५ वरून पावणेसदतिसावर जाते. असे दहा वेळा केले म्हणजे ते ५२ च्या वर जाईल. तेव्हा उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी गोड्या पाण्यानेच करावी, आणि बदलताना घालावयाचे पाणी तेवढे खारे करावे. बोअरवेलचे पाणी मात्र नको; त्यातील नायट्रेट व इतर क्षार शेवाळास पोसतात. आर.ओ. यंत्रातून निघालेले पाणी चांगले, मात्र चवीसाठी पुन्हा खनिजे मिसळणारे यंत्र नसावे. स्वयंपाकाचे किंवा मिठागरातील जाडे मीठही चालत नाही. मिठागरात समुद्राचे पाणी आटताना मुख्यतः साधे मीठ खाली बसते, आणि मॅग्नेशियमासारखी द्रव्ये मागे उरलेल्या कडू पाण्यात राहतात; जलचरांस ती सारी हवी असतात.

मग समुद्राचेच पाणी का आणू नये? दमण आपल्यापासून फार लांब नाही, आणि हा विचार प्रत्येकाच्या मनात येतोच. परंतु खंबातच्या आखाताकडील हा किनारा मोठ्या भरती-ओहोटीचा व गढूळ पाण्याचा; पावसाळ्यात नद्यांच्या पुराने तेथले खारेपण झपाट्याने उतरते; आणि वापीच्या कारखान्यांचे सांडपाणी दमणगंगेतून त्याच समुद्रास मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक वसाहतींची जी प्रदूषणयादी केली तीत वापी दुसऱ्या क्रमांकावर होती. तसले पाणी आणण्यापेक्षा मत्स्यपालनासाठीचे तयार मिश्रण वापरणे बरे.

कधी कधी अमोनिया शून्य असतो व तरीही मासे मरतात. अशा वेळी घराकडे पाहावे. डासांच्या औषधाचा फवारा, पिकावर औषध मारून न धुतलेले हात, पितळेची वा तांब्याची कळशी, यांतून विष पेटीत जाते. तांबे घातलेली औषधे माशांच्या रोगांवर चालतात, परंतु गोगलगायी, कोळंबी व प्रवाळ यांचा त्याने नाश होतो. म्हणून औषधोपचार निराळ्या भांड्यात करावा. माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले असतील तर तो परोपजीवी जंतू होय. वाचलेले मासे दुसरीकडे ठेवून मुख्य पेटी सुमारे अडीच महिने मत्स्यरहित ठेवली म्हणजे यजमानावाचून तो जंतू संपतो.

यानंतरचे काम वाट पाहण्याचे आहे, आणि तरुणांस तेच सर्वांत अवघड जाते. काचेवर तपकिरी थर येईल, मग हिरवे शेवाळ येईल. त्याने पेटी बिघडली असे समजू नये. एखाद्या परिचिताची जुनी व निरोगी पेटी असेल तर तिच्यातील गाळणीचा ओला तुकडा मागून आणावा. शेजारणीकडून विरजण आणतो तसाच हा प्रकार आहे, आणि त्याने जीवाणूंची वस्ती लवकर बसते.

पाण्याखालचे जग घरात आणण्याची ही हौस तशी जुनी आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, त्यात फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचा वाटा होता. पुढल्याच वर्षी त्याचे ‘दि अॅक्वेरियम’ हे पुस्तक निघाले आणि इंग्लंडभर समुद्रपेट्यांची लाट आली. हौशी लोकांनी किनाऱ्यावरील खडकांची कुंडे ओरबाडून इतकी रिकामी केली की गॉसच्या मुलाने, एडमंडने, १९०७ साली आपल्या आठवणींत त्याबद्दल खेद व्यक्त केला. आपल्या मुंबईत १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. जुन्या मंडळींपैकी कित्येकांनी मुंबईच्या फेरीत ते पाहिले असेल. पुढे १९६१ मध्ये जकार्ता येथील ली चिन एंग याने समुद्रातील जिवंत खडक व हवेचे बुडबुडे एवढ्यांच्या बळावर पेटी निरोगी राहते असे प्रसिद्ध केले. आजच्या प्रवाळपेट्या त्या विचाराच्या वारस आहेत.

परंतु आपल्या देशात येथे कायद्याची मर्यादा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे व समुद्रघोडे यांचा २००१ साली समावेश झाला. आपल्या समुद्रातून काढलेले असे प्रवाळ, किंवा ते चिकटलेला खडक, विकणे व घरी बाळगणे हा गुन्हा आहे. शोभेचा पांढरा मृत प्रवाळही त्यातून सुटत नाही. विक्रेता ‘परदेशचा माल’ म्हणेल. त्याजकडे कागद मागावेत, आणि ते नसतील तर परत फिरावे. कोरडे सच्छिद्र दगड वापरूनही जीवाणूंस उत्तम घर मिळते. वेळ थोडा अधिक लागतो इतकेच.

मासा घेतानाही तो समुद्रातून पकडलेला की हौदात वाढविलेला, हे विचारावे. विदूषक माशांची पैदास केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने आपल्या देशात यशस्वी केली आहे, आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही ती करण्यात आली आहे. हौदात जन्मलेला मासा पेटीस व तयार अन्नास सरावलेला असतो. नीट निगा राखल्यास विदूषक मासा वीस वर्षांहूनही अधिक जगतो, हे ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल.

वहीत अमोनिया व नायट्राइट लागोपाठ दोन आठवडे शून्य दिसले, म्हणजे प्रथम दोनचार गोगलगायी सोडाव्यात. त्या पंधरवडाभर हिंडताफिरताना दिसल्या की एक मासा आणावा, एकच. पिशवी पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळू द्यावे, मग पेटीचे पाणी थोडे थोडे पिशवीत मिसळीत अर्ध्या-पाऊण तासाने मासा जाळीने उचलून आत सोडावा. पिशवीतले पाणी पेटीत ओतू नये. त्या दिवशी दिवे मंद ठेवावेत व मुलांस काच वाजवू देऊ नये. दुसऱ्या माशाचा विचार तीनचार आठवड्यांनी, पुन्हा वही उघडून करावा.