वेस्टमिन्स्टरमधील आयाराम-गयाराम

८ मे २०२४, बुधवार. हाऊस ऑफ कॉमन्समध्ये पंतप्रधान ऋषी सुनक साप्ताहिक प्रश्नोत्तरांसाठी उभे राहण्याच्या अवघ्या काही मिनिटे आधी बातमी फुटली की, डोव्हरच्या खासदार नॅटली एल्फिक यांनी सत्ताधारी हुजूर पक्षाशी काडीमोड घेऊन मजूर पक्षात प्रवेश केला आहे. सुनक बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या कालपर्यंतच्या सहकारी समोर, विरोधी पक्षनेते कीर स्टार्मर यांच्या मागच्या बाकावर बसलेल्या होत्या. त्याआधी अकराच दिवसांपूर्वी, म्हणजे स्थानिक निवडणुकांच्या ऐन तोंडावर, पेशाने डॉक्टर असलेले डॅन पोल्टर यांनीही हीच वाट धरली होती. त्यानंतर दोन आठवड्यांनी सुनक यांनी सार्वत्रिक निवडणूक जाहीर केली आणि ४ जुलैच्या मतदानात हुजूर पक्ष १२१ जागांपर्यंत घसरला.

आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटेल ते पक्षांतराचे नव्हे. ते आपल्या अंगवळणी पडले आहे. नवल वाटेल ते या गोष्टीचे, की या दोघांच्या खासदारकीला त्यामुळे तसूभरही धक्का लागला नाही. भारतात १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी कायदा आला आणि २००३मध्ये तो आणखी कडक झाला. त्याचा वचक किती उरला, हा प्रश्न वेगळा. पण कायदा आहे. ज्या संसदेच्या धर्तीवर आपली संसद उभी राहिली, तिथे मात्र असा कायदा कधीच नव्हता आणि आजही नाही.

याचे कारण ब्रिटनमधील प्रतिनिधित्वाच्या कल्पनेत आहे. तिथे मतदार निवडून देतो तो व्यक्तीला, पक्षाला नव्हे, असे कायदा मानतो. एडमंड बर्क यांनी १७७४मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांपुढे मांडलेली भूमिका या संदर्भात हमखास सांगितली जाते : खासदार हा मतदारांचा निरोप्या नसून, स्वतःच्या विवेकाने निर्णय घेणारा प्रतिनिधी असतो. मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे पक्षाचे नाव छापण्याची मुभाही १९६९च्या कायद्याने मिळाली आणि १९७०च्या सार्वत्रिक निवडणुकीत ती प्रथम अमलात आली. तोपर्यंत मतपत्रिकेला पक्ष ठाऊकच नव्हता! पक्ष फार तर बंडखोर खासदारावरचा आपला पक्षादेश मागे घेऊ शकतो, म्हणजे त्याला संसदीय पक्षातून बाहेर काढू शकतो. त्याची जागा तो काढून घेऊ शकत नाही.

निवडणुकीपूर्वीच्या पक्षांतरांकडे बारकाईने पाहिले, तर त्यांत दोन वेगळे प्रकार दिसतात. पहिला, पुन्हा निवडून येण्याची इच्छा असलेल्यांचा. विन्स्टन चर्चिल हे त्यातले सर्वांत गाजलेले नाव. आयात शुल्काच्या वादावरून ३१ मे १९०४ रोजी ते हुजूर पक्षाची बाके सोडून समोरच्या लिबरल पक्षाच्या बाकांवर जाऊन बसले. १९०६च्या निवडणुकीत ते ओल्डहॅम सोडून मँचेस्टरमधून उभे राहिले आणि लिबरल लाटेत विजयीही झाले. वीस वर्षांनी ते हुजूर पक्षाच्या गोटात परतले आणि थेट अर्थमंत्री झाले. पक्षाबरोबर मतदारसंघही बदलण्याची चर्चिल यांची ही युक्ती पुढे अनेकांनी उचलली. मजूर सरकारात मंत्री राहिलेले रेज प्रेन्टिस यांना स्वतःच्याच मतदारसंघातील कार्यकर्त्यांनी उमेदवारी नाकारली. १९७७मध्ये ते हुजूर पक्षात गेले, १९७९मध्ये डॅव्हेंट्रीतून निवडून आले आणि मार्गारेट थॅचर यांच्या सरकारात राज्यमंत्री झाले.

या प्रकारात खरी पंचाईत होते ती ‘यजमान’ पक्षाच्या स्थानिक कार्यकर्त्यांची. १९९५मध्ये हुजूर पक्षाचे ॲलन हॉवर्थ मजूर पक्षात आले. त्यांचा स्ट्रॅटफर्ड मतदारसंघ जिंकणे मजूर पक्षाला अशक्यप्राय होते. म्हणून १९९७मध्ये वेल्समधील न्यूपोर्ट ईस्ट हा पक्षाचा बालेकिल्ला त्यांना देण्यात आला. खाणकामगारांचे झुंजार नेते आर्थर स्कारगिल आपल्या नव्या पक्षातर्फे त्यांच्याविरुद्ध मुद्दाम उभे राहिले, पण हॉवर्थ आरामात जिंकले. शॉन वुडवर्ड यांची कथा याहून रंगतदार. १९९७मध्ये विटनीतून हुजूर पक्षातर्फे निवडून आलेले वुडवर्ड समलैंगिकतेविषयीच्या एका कलमावरून पक्षाशी मतभेद होऊन डिसेंबर १९९९मध्ये टोनी ब्लेअर यांच्या पक्षात आले. त्यांची सासुरवाडी सेन्सबरी या धनाढ्य घराण्यातली. अशा गृहस्थांना २००१मध्ये सेंट हेलेन्स साऊथ या कामगारवस्तीच्या मतदारसंघात उमेदवारी मिळाली, तेव्हा वर्षानुवर्षे पक्षाच्या सतरंज्या उचलणाऱ्यांना काय वाटले असेल, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. मताधिक्य लक्षणीय घटले, तरी वुडवर्ड निवडून आले आणि पुढे मंत्रिमंडळातही पोहोचले. त्यांनी रिकामी केलेली विटनीची जागा हुजूर पक्षाने एका तरुण उमेदवाराला दिली. त्याचे नाव डेव्हिड कॅमेरून. नऊ वर्षांनी तो देशाचा पंतप्रधान झाला.

दुसरा प्रकार आहे, जाता जाता घाव घालणाऱ्यांचा. यांना निवडणूक लढवायचीच नसते. ५ मे २००५च्या निवडणुकीला जेमतेम नऊ दिवस उरले असताना मजूर पक्षाचे ज्येष्ठ नेते ब्रायन सेजमोर यांनी इराक युद्धाच्या निषेधार्थ लिबरल डेमोक्रॅट पक्षाला पाठिंबा जाहीर केला. ते निवृत्तच होत होते. त्याच वर्षी जानेवारीत मजूर पक्षात आलेले हुजूर खासदार रॉबर्ट जॅक्सन यांनीही पुढे उमेदवारी केली नाही. पोल्टर आणि एल्फिक याच पंक्तीतले. अशा पक्षांतराने सभागृहातील बलाबल फारसे बदलत नाही. हाती लागतो तो दिवसभराचा मथळा आणि ‘बुडत्या जहाजा’चे एक चित्र. कधी तेही महाग पडते. एल्फिक हुजूर पक्षाच्या उजव्या गटातल्या मानल्या जात. पूर्वीच्या पतीवरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यासंदर्भात त्यांनी केलेली वक्तव्ये लगेच उकरून काढली गेली, मजूर पक्षाच्याच अनेक खासदारांनी नाके मुरडली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना माफी मागावी लागली. प्रस्तुत लेखकाच्या मते, तो सौदा स्टार्मर यांना फायद्याचा नव्हताच.

मतदार या मंडळींना काय न्याय देतो? पक्षाच्या लाटेवर स्वार झालेला तरतो, लाटेविरुद्ध पोहणारा बुडतो, असाच साधारण अनुभव आहे. १९८१मध्ये मजूर पक्षातून फुटून निघालेल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षात २८ मजूर खासदार आणि एक हुजूर खासदार दाखल झाले; १९८३च्या निवडणुकीत त्या पक्षाला जागा मिळाल्या सहा. २०१९मध्ये ब्रेक्झिटच्या धुमाळीत दोन्ही मोठ्या पक्षांतून बाहेर पडलेल्या ११ खासदारांच्या गटातील एकही जण डिसेंबरच्या निवडणुकीनंतर संसदेत दिसला नाही. बोरिस जॉन्सन यांचे भाषण चालू असतानाच ३ सप्टेंबर २०१९ रोजी पलीकडच्या बाकावर जाऊन बसणारे आणि सरकारचे एका मताचे बहुमत संपवणारे फिलिप ली हेही पराभूत झाले. याउलट २०१९मध्ये अवघ्या ४०२ मतांनी जिंकलेले ख्रिश्चन वेकफर्ड जानेवारी २०२२मध्ये हुजूर पक्षातून मजूर पक्षात आले आणि २०२४मध्ये आपली बरी साऊथची जागा राखू शकले.

राजीनामा देऊन मतदारांकडे परत जाण्याचा मार्ग मोकळा असतो, पण तो पत्करणारे विरळाच. सोशल डेमोक्रॅटिक पक्षात गेलेल्यांपैकी एकट्या ब्रूस डग्लस-मान यांनी तो पत्करला आणि जून १९८२च्या पोटनिवडणुकीत जागा गमावली. २०१४मध्ये हुजूर पक्षातून युकिपमध्ये गेलेले डग्लस कार्सवेल आणि मार्क रेकलेस या दोघांनीही राजीनामे देऊन पोटनिवडणुका जिंकल्या. सार्वत्रिक निवडणुकीत रेकलेस पडले, कार्सवेल टिकले. त्यांच्याच क्लॅक्टनमधून २०२४मध्ये नायजेल फराज प्रथम संसदेत पोहोचले.

२०१५च्या कायद्याने मतदारांना खासदार परत बोलावण्याचा अधिकार मिळाला. पण त्यासाठी तुरुंगवासाची शिक्षा, भत्त्यांबाबत खोटी माहिती दिल्याचा दोष किंवा सभागृहातून ठरावीक काळाचे निलंबन, यांपैकी काहीतरी घडावे लागते. पक्षांतर त्या यादीत नाही. ते घालावे, यासाठी २०२०मध्ये हुजूर पक्षाचे अँथनी मॅनगॉल यांनी विधेयक मांडले, ते पुढे सरकले नाही. त्याच्या पाठीराख्यांत ॲशफिल्डचे खासदार ली अँडरसन होते. एकेकाळी मजूर पक्षाचे नगरसेवक असलेले अँडरसन मार्च २०२४मध्ये हुजूर पक्ष सोडून फराज यांच्या ‘रिफॉर्म’ पक्षात गेले. पोटनिवडणूक का घेत नाही, असे विचारल्यावर सार्वत्रिक निवडणूक आता जवळच आली आहे, असे उत्तर त्यांनी दिले. जुलैमध्ये ॲशफिल्डच्या मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले.