चार ओळींत गुंडाळलेला जवान

वाचकहो, आपल्या सातारा-कोल्हापूरकडच्या गावात शहीद जवानाची शवपेटी येते तेव्हा काय होतं, ते तुम्ही पाहिलेलं आहे. दुकानं आपोआप बंद होतात, रस्त्यावर रांगोळ्या पडतात, 'अमर रहे'च्या घोषणा, बंदुकांची सलामी. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर फोटो. हे व्हायलाच हवं.

पण एखादी पेटी अशीही येते की गाव नुसतं कुजबुजतं, आणि आम्ही पेपरवाले मुकाट बसतो. आतल्या पानावर चार ओळी, त्याही 'आकस्मिक निधन' एवढ्याच. जवानाने स्वतःच जीव दिला, हे छापायचं कसं?

ऑक्टोबर 2023 चं बघा. एकाच महिन्यात दोन अग्निवीर गेले. बुलढाणा जिल्ह्यातला सियाचीनवर कर्तव्य बजावताना गेला, त्याला लष्करी इतमामात निरोप मिळाला. पंजाबातला राजौरीत पहाऱ्यावर असताना गेला. त्याला सलामी मिळाली नाही म्हणून ओरड झाली, तेव्हा लष्कराने खुलासा केला. मृत्यू स्वतःच्या हातून झाला असेल तर 1967 च्या आदेशानुसार हा मान देत नाहीत, असं त्यात होतं. आणि पुढे आकडा होता : 2001 पासून दरवर्षी सरासरी 100 ते 140 जवान असे जातात.

वर्षाला शंभरावर! यातल्या किती जणांबद्दल तुम्ही आमच्या पेपरात वाचलंत? संसदेत कुणी प्रश्न विचारला की असे आकडे बाहेर येतात आणि दुसऱ्या दिवशी विरून जातात.

यात भीतीही आहे, ती का लपवायची? 2017 साली नाशिकजवळच्या देवळालीत तोफखान्याचा एक जवान मृतावस्थेत सापडला. साहेबांच्या घरची कामं करायला लावणाऱ्या 'सहायक' पद्धतीवरच्या छुप्या चित्रीकरणात तो दिसला होता. चित्रीकरण करणाऱ्या महिला पत्रकारावर शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला, पण त्याला 2019 उजाडलं. हे पाहून तालुक्याच्या वार्ताहराने काय बोध घ्यायचा?

आता एक मान्य. मृत्यू कसा झाला याचं वर्णन छापू नये. वृत्तपत्र परिषदेनेही 2019 मध्ये तेच सांगितलं आहे. घरच्यांची अब्रूही जपायला हवी. पण कारणांचं काय? सरकारच संसदेत घरगुती अडचणी, नवरा-बायकोतला बेबनाव, ताण, पैशाची ओढाताण अशी कारणं सांगतं. यातली निम्मी तर गावात, बांधावरच जन्मतात. भाऊबंदाने बांध कोरला, सातबाऱ्यावर नाव लागेना. म्हातारा बाप तहसीलचे हेलपाटे घालतो आणि पोरगा तिकडे चौकीवर रजेची वाट बघत फोन धरून बसतो. त्या तहसीलच्या दारात जायला आम्हाला कुठला कायदा आडवा येतो?

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर 2023 मध्ये जवान आणि त्यांच्या घरच्यांसाठी 'टेली मानस'चा खास कक्ष सुरू झाला. नंबर 14416. घरातलं कुणी फौजेत असेल तर हा कात्रून कॅलेंडरवर चिकटवा.